चांगलं-वाईट यांचा 'तोल' राखायचा म्हणजे नेमकं काय राखायचं?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचा डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र रंगवायचा खेळ) खेळणारा ग्रुप आहे, शनिवारी रात्री बसतो, डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. या वेळी विकतचं कॅम्पेन (तयार कथानक) न घेता स्वतःचं जग रचलंय. त्यात दोन देव, एक उजेडाचा, एक अंधाराचा, आणि मधे तराजू घेऊन बसलेली एक म्हातारी. उजेड फार झाला तर जग करपतं, अंधार फार झाला तर कुजतं, म्हणून म्हातारी दोघांनाही आवरून धरते. तर गेल्या सेशनला पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) एका गावात पोचली, तिथली पोरं अंधारवाल्या पुजाऱ्यांनी पळवलेली, पार्टीने पुजाऱ्यांना यथेच्छ धुतलं आणि त्यांच्या मुख्य देवळाकडे निघाली तर म्हातारी रस्त्यात आडवी, म्हणे बास, इथून पुढे गेलात तर तोल बिघडेल. त्यावर आमची पॅलाडिन (धर्मयोद्धा) म्हणते, "आजी, दर साल किती पोरं गेली की तुमचा काटा मधोमध राहतो? आकडा सांगा, तेवढी आम्ही वाचवत नाही."

सगळे हसून लोळले, पण माझ्या डोक्यात तेव्हापासून भुंगा लागलाय. स्टार वॉर्समधे फोर्सचा (विश्वभर पसरलेल्या शक्तीचा) बॅलन्स, ड्रॅगनलान्सच्या पुस्तकांमधे बॅलन्स, 'कोरा' या कार्टून मालिकेत बॅलन्स, जिकडे बघावं तिकडे कुणीतरी दाढीवाला घोगऱ्या आवाजात सांगतोय की चांगलं आणि वाईट दोन्ही समसमान पाहिजेत. का पाहिजेत? वाईट निम्मं असण्यात कुणाचा काय फायदा? एखादी काल्पनिक पुराणकथा आहे का जिथे हे खरंच पटतं? जरा इस्कटून सांगा. "गेम आहे रे, एवढा विचार करू नको" हा प्रतिसाद घरी मिळालाय, पुन्हा नको.

खडूस_काका

स्टार वॉर्सचं नाव घेतलंस म्हणून मला यावं लागलं. पहिली गोष्ट म्हणजे मूळ पिक्चरमधे निम्मं-निम्मं असं कुणीच म्हणत नाही, ते आपण प्रेक्षकांनी घुसवलंय. कुणीतरी एक येईल आणि फोर्सचा तोल परत आणेल हे भाकीत पडद्यावर आलं १९९९ च्या 'फँटम मेनेस'मधे. पहिला पिक्चर १९७७ चा, म्हणजे बावीस वर्षं लोक या भाकिताशिवाय सुखात जगत होते. क्वाय-गॉन हा जेडाय, म्हणजे फोर्सच्या उजेडाच्या बाजूचा योद्धा, छोट्या अनाकिनला घेऊन जेडाय कौन्सिलपुढे जातो तिथे हा विषय निघतो आणि आपल्या डोक्याला कायमचा शॉट लागतो. मग २००५ च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'चा शेवट बघ, लाव्हाच्या काठावर अनाकिन हातपाय तुटून पडलाय आणि त्याचा गुरू ओबी-वान त्याच्यावर ओरडतोय. काय म्हणतो? तू सिथना (अंधाराच्या बाजूच्यांना) संपवणार होतास, त्यांना जाऊन मिळणार नव्हतास, तू तोल आणणार होतास. म्हणजे त्याच्या लेखी सिथ संपणं आणि तोल येणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. खुद्द जॉर्ज लुकासचंही म्हणणं हेच आहे, की १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मधे अनाकिन, जो तोवर डार्थ वेडर झालेला असतो, सिथ सम्राटाला उचलून खाली फेकतो तेव्हा भाकीत खरं झालं, विषय संपला.

डार्क साइड, म्हणजे फोर्सची अंधारी बाजू, ही बिघाडाची अवस्था आहे रे. अंगात ताप नसला की आपण म्हणतो तब्येत ठीक, अर्धा महिना ताप आणि अर्धा महिना बरं याला कुणी समतोल तब्येत म्हणत नाही. तुझ्या म्हातारीने नेमकं तेच केलंय.

आता गोंधळ का झाला, तर यांच्याच लोकांनी नंतर घातला. 'क्लोन वॉर्स' मालिकेत २०११ साली मॉर्टिसचे भाग आले, त्यात एक बाप, एक मुलगी उजेडाची, एक मुलगा अंधाराचा, आणि बाप दोघांना काबूत ठेवतो (तुझी म्हातारी या बापाची चुलत बहीण वाटतेय मला). मग २०१६ मधे 'रेबेल्स'मधे तो बेंडू नावाचा डोंगराएवढा प्राणी, तो म्हणतो मी दोघांच्या मधला. मग २०१७ चा 'द लास्ट जेडाय', त्यात म्हातारा ल्यूक शिष्या रेला बेटावर बसवून उजेड-अंधार, जन्म-मरण असं सगळं एका दमात शिकवतो. आता लुकासचं ऐकायचं की यांचं, बसा भांडत.

मेतकूट

काका पण गणित बघा ना. ऑर्डर ६६ (सगळ्या जेडायना मारायचा हुकूम) नंतर जेडाय उरले दोन, योडा आणि ओबी-वान. सिथ दोन, पॅल्पटीन आणि वेडर. दोनास दोन. अनाकिनने बॅलन्स आणला की! ताळेबंद जुळला!

खडूस_काका

मेतकूट, हा जोक मी थिएटरमधून बाहेर पडतानाच ऐकला होता. आणि तो आता चालतही नाही, कारण नंतरच्या मालिका आणि गेममधे केनन काय, कॅल केस्टिस काय, इतके वाचलेले जेडाय निघालेत की सिथवाल्यांचा ऑडिट रिपोर्ट नापास होईल.

बुलेटराजा

रात्रपाळी, तुमच्या म्हातारीचं मूळ गाव मला माहितीये. ती स्टार वॉर्समधून आलेलीच नाही, ती तुम्ही खेळताय त्या गेममधूनच आलीये.

झालं असं की पोल अँडरसन नावाच्या लेखकाने 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स'मधे (मासिकात १९५३, पुस्तक १९६१) लॉ विरुद्ध केऑस असं भांडण लावलं. मग मायकल मूरकॉकने एल्रिकच्या गोष्टींमधे, पहिली गोष्ट १९६१ चीच, त्याच्यावर कळस चढवला आणि कॉस्मिक बॅलन्स म्हणजे विश्वाचा तराजूच आणला. पण त्याच्या तराजूत काय होतं ते बघा, एका पारड्यात नियम आणि दुसऱ्यात उलथापालथ. नुसता नियम जिंकला तर सगळं गोठून दगड होणार, काही नवीन घडणारच नाही, आणि नुसती उलथापालथ जिंकली तर कशालाच आकार उरणार नाही. इथे तराजू लागतो हे कुणालाही पटेल, कारण दोन्ही टोकांना माणूस जगूच शकत नाही.

१९७४ चा पहिला डी अँड डी हेच उचलतो, लॉ, न्यूट्रॅलिटी, केऑस, पात्राचा कल दाखवायला बस्स तीनच खाने. १९७७ च्या बेसिक सेटमधे त्यात गुड आणि ईव्हिल मिसळून पाच झाले आणि १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकमधे तो नऊ खान्यांचा चौकोन, जो आज मीम म्हणून फिरतो. आणि इथे घोळ झाला. मधे बसणारा माणूस आधी नियम आणि गोंधळ यांच्या मधे बसत होता, आता त्याला चांगुलपणा आणि दुष्टपणा यांच्याही मधे बसवला, खुर्ची तीच! ड्रुइड (निसर्गपूजक पुजारी) तर नियमानेच ट्रू न्यूट्रल, म्हणजे अगदी मधला. हे किती हास्यास्पद होतं ते बघायचं असेल तर १९८९ चं सेकंड एडिशन काढा, त्यात ट्रू न्यूट्रलचं उदाहरणच दिलंय, की ड्रुइड आधी गावच्या जहागीरदाराबरोबर दुष्ट नॉलच्या (तरसासारख्या तोंडाच्या प्राण्यांच्या) टोळीशी लढेल, आणि नॉल पार संपायला आले की लढाई सोडेल किंवा थेट बाजू बदलून नॉलच्या बाजूने उभा राहील. आम्ही हे टेबलवर खरंच करून बघितलंय, त्या ड्रुइडला पुढच्या गावात कुणी पाणी विचारलं नाही.

तर तुमच्या तराजूत पारडी बदला, एवढंच म्हणणं आहे. पोरं पळवणं हा पदार्थ कुठल्याच पारड्यात घालायचा नसतो.

सोनचाफा

बुलेटराजांशी सहमत, पण मला यातलं सगळ्यात भारी उदाहरण लेखिका अर्सुला ले ग्विनचं अर्थसी (काल्पनिक बेटांच्या जगाची पुस्तकं) वाटतं आणि त्याचं नाव कुणी काढत नाही म्हणून लिहितेय.

१९६८ चं पहिलं पुस्तक. रोक बेटावर जादू शिकवतात आणि पहिल्या दिवसापासून मुलांच्या कानीकपाळी ओरडत असतात की समतोल सांभाळा. गेड हा विद्यार्थी दगडाचा हिरा कर म्हणून मागे लागतो, तर मास्तर सांगतात की भास निर्माण कर हवा तेवढा, पण खरोखर बदललास तर जगात एक गोटी कमी झाली आणि एक हिरा जास्त झाला, त्याचे धक्के कुठे बसतील तुला माहीत नाही. इथे कुठे आलंय चांगलं आणि वाईट? दगड वाईट नाही, हिरा चांगला नाही. मग हाच गेड ईर्ष्येपायी, जॅस्पर या दुसऱ्या विद्यार्थ्याला दाखवून द्यायचं म्हणून, मेलेल्या राणीला हाक मारतो आणि तिच्याबरोबर ती सावली जगात येते. पुढचं सगळं पुस्तक त्या सावलीपासून पळण्यात आणि मग तिच्या मागे धावण्यात जातं. शेवट सांगत नाही, कुणी वाचलं नसेल तर वाचा, पण तिथेही सावलीला "निम्मं राज्य" वगैरे देत नाहीत.

आणि तिसरं पुस्तक, १९७२ चं, त्यात तर तुमच्या प्रश्नाचं उत्तरच आहे. कॉब नावाचा जादूगार मरायचं नाही म्हणून जगणं आणि मरणं यांच्यामधलं दार उघडं ठेवतो, आणि त्या फटीतून जगातला सगळा रस गळून जातो. गाणारे गाणी विसरतात, मांत्रिकांना शब्द आठवत नाहीत. म्हणजे मरण हे इथे दुसऱ्या पारड्यात आहे, आणि मरण वाईट नाही, नकोसं आहे. या दोन गोष्टी आपण सारख्या एकत्र करतो. नकोशा गोष्टी जगाला लागतात, म्हातारपण, अंधार, थंडी, विसरणं. दुष्टपणा कुणालाच लागत नाही. ले ग्विन आयुष्यभर ताओ वाचत होती, १९९७ साली तिने 'ताओ ते चिंग'ची स्वतःची इंग्रजी आवृत्तीही काढली, यिन-यांग मधेही काळा भाग म्हणजे सैतान नव्हेच.

नाकतोडा

ड्रॅगनलान्स मी शाळेत असताना पारायणं करून वाचलंय त्यामुळे त्यावर बोलायचा हक्क आहे. तिथे उलटी केस आहे. पुस्तकं सांगतात की "चांगलं फार वाढलं" म्हणून जग बुडालं. इस्तार नावाचं साम्राज्य, त्याचा किंगप्रीस्ट, तो इतका पवित्र की थेट देवांनाच हुकूम सोडतो की मला शक्ती द्या, मी वाईटाचा नायनाट करतो, आणि देव वरून धगधगता डोंगर टाकतात, शहर समुद्रात. चांगल्या देवांचीही याला संमती. मग म्हणे तोल परत आला, आणि पुढे तीनेकशे वर्षं देव गायब.

आता त्या इस्तारमधे चांगलं नक्की काय होतं ते बघा. १९८६ च्या तीन पुस्तकांमधे कॅरामन आणि तास हे नायक भूतकाळात जाऊन तिथे पोचतात तर पोचल्या पोचल्या गुलाम म्हणून विकले जातात! शहरात माणसांच्या झुंजी लावतात. ज्या जमाती आवडत नाहीत त्यांना संपवतात, लोकांच्या मनात काय चाललंय तेही तपासतात. हे "अति चांगलं" आहे? हा तर साधा हुकूमशहा आहे ज्याने पांढरे कपडे घातलेत. दर वेळी हेच होतं, "चांगुलपणाचा अतिरेक" दाखवायचा म्हटलं की लेखक गुपचूप कडवेपणा, गर्व, जबरदस्ती असलं काहीतरी आणून ठेवतो, जे मुळात वाईटच्या खात्यात असतं. अति दया, अति न्याय, अति खरं बोलणं यामुळे जग बुडालं अशी एक तरी गोष्ट दाखवा. रात्रपाळी, तुमच्या जगात उजेड वाढला की करपतं म्हणजे नेमकं काय होतं? लोक एकमेकांशी फार चांगलं वागायला लागतात आणि पिकं जळतात?

रात्रपाळी

नाकतोडा, हा प्रश्न पॅलाडिनला कळू देऊ नका फक्त.

नाही, पटतंय. करपण्याचं मी डोक्यात ठेवलं होतं ते असं की उजेडवाले पुजारी कुणाला झोपू देत नाहीत, सावलीत बसू देत नाहीत, कशाचंही गुपित राहू देत नाहीत. म्हणजे तुम्ही म्हणताय तसंच, वाईटच ते. पण कोराचं काय? तिथे तर राव्हा आणि वाटू हे उजेड-अंधाराचे आत्मे दोघंही अनादि आहेत, एकाला मारलं तर तो दुसऱ्याच्या पोटातून परत उगवतो. म्हणजे तिथे खरंच समसमान आहे ना? आणि आपल्याकडच्या पुराणांत देव-असुर असतातच की कायम, ते काय मग?

सोनचाफा

कोराबद्दल मला राग आहे त्यामुळे निःपक्षपाती उत्तर मिळणार नाही :)

कोराच्या आधीच्या, आंगच्या मालिकेत (२००५ ची) बॅलन्स दोन अर्थांनी होता. एक, चार राष्ट्रं, आणि अग्निराष्ट्र बाकीच्यांना गिळतंय. अग्नी वाईट नाही, गिळणं वाईट. दुसरा, उत्तर ध्रुवावरच्या तळ्यातले ते दोन मासे, तुई आणि ला, चंद्र आणि समुद्र, एक ढकलतो एक ओढतो. पहिल्या सीझनच्या शेवटी अग्निराष्ट्राचा सेनानी झाओ चंद्राचा मासा मारतो आणि आकाशच काळवंडतं. दोघांपैकी कुणीच खलनायक नाही, म्हणूनच एक मेल्यावर एवढं तुटतं काळीज. इतकं स्वच्छ मांडलं होतं!

आणि मग २०१३ ला कोराचा दुसरा सीझन, राव्हा म्हणजे उजेड आणि शांती, वाटू म्हणजे अंधार आणि विध्वंस, पांढरी पतंग आणि काळी पतंग. बरं तिथेही समसमान नाहीच, पहिला अवतार वान राव्हाशी एकरूप होऊन वाटूला एका झाडात कोंडतो आणि तो दहा हजार वर्षं तिथेच. एकाला दहा हजार वर्षं कैद आणि दुसरा मोकळा, आणि याला म्हणायचं बॅलन्स. म्हणजे लेखकांनाही आतून माहितीये की वाटूला निम्मं जग देऊन चालणार नाही.

आजोळ

पुराणांचं विचारलंत म्हणून थोडक्यात. (काल्पनिक कथांच्या धाग्यात पुराणं आणल्याबद्दल कुणी चिडू नये, प्रश्नकर्त्यांनीच विचारलंय.)

देव म्हणजे चांगले आणि असुर म्हणजे वाईट हे समीकरण आपल्याकडे नीट बसतच नाही. दोघंही कश्यपाची मुलं, एक अदितीची, एक दितीची, म्हणजे सावत्र भावांचं भांडण. समुद्रमंथनाला दोरीची दोन्ही टोकं धरायला दोघं लागतात, आणि अमृत वाटताना फसवणूक देवांकडून होते. बळी तर दानशूर राजा, त्याला पाताळात घातला, आणि आपण आजही पाडव्याला "इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणतो, म्हणजे असुराचंच राज्य मागतो! इथे प्रश्न स्वर्गाच्या गादीवर कोण बसणार हा आहे. आणि जिथे खरोखर धर्म-अधर्म असा विषय येतो तिथे गीतेच्या चौथ्या अध्यायात दुष्टांचा विनाश असंच म्हटलंय, निम्मे दुष्ट ठेवा असं नाही.

लोक म्हणतात की मग पारशी लोकांमधे तरी दोन बरोबरीच्या शक्ती आहेत. तिथेही अहुर मझ्द विरुद्ध अंग्र मैन्यू हे भांडण शेवटी संपतं, अंग्र मैन्यू हरतो आणि जग नवं होतं, त्याला फ्रशोकेरेती म्हणतात. माणसाने मधे उभं राहायचं नसतं, बाजू घ्यायची असते. म्हणजे इतका कट्टर द्वैती धर्म, आणि त्यालाही "तोल राखा" सुचलं नाही. हे निम्म्या-निम्म्याचं खूळ मला तरी अलीकडच्या फँटसीतच जास्त दिसतं.

नाकतोडा

आजोळ, त्याचं कारण धंद्याचं आहे हो. वाईट कायमचं संपलं तर पुढचा सीझन कशावर काढणार? विश्वाचाच नियम करून टाकला की अंधार परत येणारच, की दर दोन वर्षांनी नवा खलनायक आणायची सोय झाली, आणि वर ते तत्त्वज्ञान वाटतं. गेममधे तर अजूनच, दोन्ही बाजूंनी खेळता आलं पाहिजे, दोन्ही बाजूंचे टी-शर्ट खपले पाहिजेत.

टोल्किनला ही गरज नव्हती, म्हणून त्याच्याकडे तराजू नाही. 'सिल्मरिलियन'च्या सुरुवातीलाच मेल्कोर सृष्टीच्या गाण्यात आपला वेगळा सूर घुसवतो, आणि सृष्टीकर्ता इलूवातार त्याला सरळ सांगतो की तुझा सूरसुद्धा शेवटी माझ्याच गाण्यात जमा होणार. अंधाराला स्वतःचं काही बनवताच येत नाही, फक्त दुसऱ्याचं बिघडवता येतं, हे फ्रोडो सॅमला सांगतोही. पण तरी ते गुळगुळीत होत नाही, कारण वाईट संपवायला किंमत पडते. अंगठी वितळली की एल्फांच्या अंगठ्यांची शक्तीही जाते, लोथलोरिएन ओस पडणार, फ्रोडोला घरी आल्यावरही बरं वाटत नाही. माझ्या मते "तोल" या कल्पनेतून जे हवं असतं, म्हणजे फुकट विजय नको, ते इथे तराजूशिवाय मिळतं.

बुलेटराजा

नाकतोडा +१. टी-शर्टवाला मुद्दा विशेष, माझ्याकडे सिथचा आहे.

रात्रपाळी, एक सरळ सुचवतो, म्हातारीला काढू नका. तिला खोटं बोलू द्या. तोल-तोल करत जी बाई रस्त्यात आडवी येते तिला कुणी विचारलंय का की तराजू तिच्या हातात दिला कुणी? जैसे थे राहण्यात तिचा काहीतरी फायदा असणार. दोन्ही देवळांतून तिला नैवेद्य येत असेल. देवळं दोन्ही चालू राहिली पाहिजेत, एवढाच तिचा समतोल.

मेतकूट

दोन्हीकडून हप्ता घेणारी देवी!! हे मी खेळायला येतो, जागा आहे का?

रात्रपाळी

बुलेटराजा, हे भयंकर आहे आणि मी हे वापरणार आहे. म्हातारी तीच, पण तराजूत आता सोनचाफांचं जगणं-मरणं. खरा तोल होता तो तिथे, उजेडाच्या देवळात जन्माचं खातं, अंधाराच्या देवळात मरणाचं, दोन्ही पुजारी साधी माणसं, कुणी पोरं पळवत नव्हतं. मग कधीतरी म्हातारीला स्वतःचं मरण नको झालं (कॉबकडून ढापतोय, माफी) आणि तिने अंधारवाल्यांकडून दुसऱ्यांचं आयुष्य मागायला सुरुवात केली. म्हणजे पोरं तिच्यासाठीच जातात. उजेडवाल्यांना माहितीये पण त्यांचाही नैवेद्य चालू आहे, म्हणून गप्प. नाकतोडा, झोपू न देणारे पुजारी मात्र ठेवतोय, ते आता राखणदार, रात्री कुणी देवळाच्या मागे जाऊन बघू नये म्हणून.

एकच अडचण, म्हातारीला हरवल्यावर ते मरणाचं खातं कुणी सांभाळायचं? पार्टीतल्याच कुणाला तरी बसवावं लागेल आणि आमच्याकडचा रोग (इंग्रजी rogue, चोराचं पात्र) एक नंबरचा चोर आहे.

मेतकूट, जागा आहे, पण ड्रुइड घेऊन येऊ नका.

सोनचाफा

रोगलाच बसवा. चोराला निदान कळतं की वस्तू दुसऱ्याची आहे.

मेतकूट

ड्रुइड कॅन्सल. काका, ते मॉर्टिसचे भाग बघायचे तर आधीचं सगळं क्लोन वॉर्स बघावं लागेल का?

खडूस_काका

नाही. सीझन ३, भाग १५, १६, १७, सलग बघ. अनाकिन, ओबी-वान आणि अहसोका कोण एवढं माहीत असलं की पुरे. आणि बघून झाल्यावर "पण काका इथे तर बाप म्हणतोय की दोन्ही पाहिजेत" असं लिहायला परत येऊ नकोस, शेवटी त्या तिघांचं काय होतं ते बघूनच लिही.